मधली खुर्ची

नाव बदलले की दिवस बदलतील, अशी माणसाची एक जुनी समजूत आहे. पाठीवर मूल जगेना की पुढच्याचे नाव धोंडू ठेवीत, लग्न झाले की मुलीचे नाव तांदळांत लिहून बदलीत. सरकारलाही हा नाद आहे. 1985 साली दिल्लीतल्या शिक्षण मंत्रालयाचे नाव 'मनुष्यबळ विकास मंत्रालय' असे झाले. मी त्या वेळी कोकणातल्या एका शाळेत पाटीवर ग म भ न गिरवीत होते. समोर बसलेली ही शेंबडी पोरे म्हणजे मनुष्यबळ आहे, ही बातमी आमच्या बाईंपर्यंत काही पोहोचली नाही. त्या आम्हांला पोरेच म्हणत राहिल्या. पस्तीस वर्षांनी, 2020 साली, मंत्रालयाने आपले जुने नाव पुन्हा घेतले. तोवर मी स्वतःच बाई झाले होते, आणि पोरे अजून पोरेच होती.

कारखान्यांच्या जगात तर हे नामांतर अखंड चालू असते. माणसांना कामावर घेण्याचे, त्यांची हजेरी पाहण्याचे आणि वेळ आली म्हणजे त्यांना काढण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याच्या नावाची वंशावळ पाहा. मुंबईच्या गिरण्यांत तो आधी मुकादम होता; इंग्रजीत त्यालाच जॉबर म्हणत. 1931 साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात सांगितले की, भरतीचे काम या मुकादमाच्या हाती ठेवू नये, त्यासाठी शिकलेला अधिकारी नेमावा. तेव्हा लेबर ऑफिसर आला. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. पुढे पर्सोनेल मॅनेजर झाला. 1975 च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने, उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने, आपल्या देशात पहिल्यांदा 'ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट' असे स्वतंत्र खाते उघडले. मग सगळीकडेच एच. आर. झाले. आता म्हणे काही कंपन्यांना तेही नाव नकोसे झाले आहे आणि दारावर नुसते 'पीपल' असे लिहितात. म्हणजे शंभर वर्षे हिंडून फिरून गाडी पुन्हा 'माणसे' या स्टेशनावर आली!

ही सारी वंशावळ मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. मी दहावीपलीकडे गेलेली नाही. आमच्या घरात तिला अजून मॅट्रिकच म्हणतात. शाळेत लहान मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण माझी भाची मुंबईला व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. यंदा पावसाच्या तोंडाशी, एका कंपनीतली दोन महिन्यांची उमेदवारी आटोपून, ती पंधरा दिवस आमच्याकडे गावी राहायला आली. तिच्या पुढच्या वर्षाला एक विषय आहे, 'मानव संसाधन व्यवस्थापनातील सद्यःप्रश्न'. त्यातला एक प्रश्न निवडून तिला त्यावर लांबलचक निबंध लिहावयाचा होता. तिने आपली एक पद्धत ठरविली. दिवसभर वाचायचे आणि दिवेलागणीनंतर ओटीवर बसून ते मला मराठीत सांगायचे.

"मावशी, तुला समजलं ना, म्हणजे परीक्षकांना समजायला हरकत नाही," ती म्हणाली. याला मी स्तुती समजले.

ओटीवर तिसरा श्रोता होता. माझे वडील. संगमेश्वर तालुक्यातून 1969 साली, एकोणिसाव्या वर्षी, ते मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साचाखात्यात लागले. आता त्यांना ऐकू कमी येते; म्हणजे जे ऐकावयाचे नसते ते येत नाही. भाचीच्या विषयाचा मात्र एक शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही.

पहिल्या रात्री तिने टेलरची कथा सांगितली. अमेरिकेतल्या बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात 1899 साली फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियराने लोखंडाचे गट्टू गाडीत चढविणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड चढवी. टेलरने एक तगडा, पैशाची गरज असलेला मजूर निवडला. केव्हा उचलायचे, केव्हा चालायचे, केव्हा बसायचे हे सारे त्याला घड्याळ लावून सांगितले, आणि टेलरच्या सांगण्याप्रमाणे तोच माणूस दिवसाला साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. त्याची मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलर झाली. 1911 साली टेलरने यावर पुस्तक लिहिले आणि त्यातून एक शास्त्रच उभे राहिले.

बाबा बोटे मोडीत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "काम चौपटीला आलं आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर. बाकीचं कुठं गेलं गं?"

भाची माझ्याकडे पाहू लागली. मी मुलांची गणिते तपासणारी बाई. हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या रात्री हॉथॉर्न आले. शिकागोजवळ टेलिफोनचे सामान करणारा हा कारखाना. 1924 पासून तिथे प्रयोग चालले होते की, दिव्याचा उजेड वाढविला तर काम वाढते का? उजेड वाढविला, काम वाढले. उजेड कमी केला, तरी काम वाढले! मग 1927 साली जुळणीचे काम करणाऱ्या पाच मुली एका वेगळ्या खोलीत बसविल्या. त्यांना विश्रांतीच्या वेळा दिल्या, दिवस लहान केला, त्यांना विचारून बदल केले, आणि एकंदरीने त्यांचे काम चढतच गेले. या प्रयोगांशी पुढे एल्टन मेयो या प्राध्यापकाचे नाव जोडले गेले. त्यातून निघालेले तात्पर्य असे की, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देते आहे, आपल्याला कुणी विचारते आहे, एवढ्यानेही माणूस निराळा वागतो. मागाहूनच्या संशोधकांनी या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या आहेत. पण अभ्यासक्रमातून हॉथॉर्न काही हलत नाही. आम्हां बायकांना आणि शिक्षकांना त्या तात्पर्यात नवल वाटले नाही. ज्याची पाटी बाई रोज पाहतात, त्याचे अक्षर सुधारते, हे शिकागोला न जाताही कळते.

या शास्त्राच्या इतिहासात मला सर्वांत गंमत वाटली ती त्याच्या बिऱ्हाडाची. मुंबईत 1936 साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. पुढे त्याचीच टाटा समाजविज्ञान संस्था झाली. गिरणी-कारखान्यांत जाणारे कल्याण अधिकारी तिथे समाजकार्याचे विद्यार्थी म्हणून घडत. अनाथ मुले, आजारी माणसे, झोपडवस्ती आणि कामगार हे तेव्हा एका घरातले विषय होते. कालांतराने कामगाराने तिथून बिऱ्हाड हलविले आणि तो व्यवस्थापनशास्त्राच्या माडीवर राहावयास गेला. माणूस तोच; शेजार बदलला. पूर्वीचा शेजार विचारी, याचे दुखते कुठे? आताचा शेजार विचारतो, याचा उपयोग किती? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण संगतीचा गुण लागतोच.

मग एकेक सद्यःप्रश्न येऊ लागला. भाचीने मोठ्या गंभीरपणाने सांगितले की, सध्या सगळ्या जगात 'राइट टू डिस्कनेक्ट' ची चर्चा आहे. कामाची वेळ संपली की साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क! फ्रान्सने 2017 पासून तसा कायदा केला. ऑस्ट्रेलियात 2024 पासून असा हक्क आला. आपल्या लोकसभेतही 2018 साली महाराष्ट्रातल्याच एका बाई खासदाराने त्याचे खासगी विधेयक मांडले. हे ऐकून मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने 1884 साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारला दिला. त्यात मागणे काय होते? आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. सूर्य मावळला की माणूस आपल्या घरचा! रविवारची सुटी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. आता सूर्यास्ताची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे, आणि तो पडदा काही मावळत नाही. एवढाच काय तो फरक.

दुसरा सद्यःप्रश्न 'मूनलायटिंग' चा. दिवसा एका मालकाची नोकरी आणि रात्री गुपचूप दुसऱ्याचे काम. 2022 साली संगणकाच्या कंपन्यांत यावरून मोठा गहजब झाला होता. मी तिला म्हटले, "अगं, याला आमच्यात शिकवणी म्हणतात." ती हसली, पण तिने ते वहीत टिपून घेतले.

मात्र तिसऱ्या प्रश्नाला हसणे थांबले. तो प्रश्न 'गिग' कामगारांचा. म्हणजे फोनवरच्या ॲपमधून ज्यांना काम मिळते त्या मुलांचा. नीति आयोगाने 2022 च्या अहवालात सांगितले की, 2020-21 साली देशात अशी 77 लाख माणसे होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होतील. हा पोरगा सकाळी ॲप उघडतो, चौकात मोटारसायकल लावतो आणि वाट पाहत उभा राहतो. काम आले तर पैसे, न आले तर पेट्रोल आपले. तो कुणाचा नोकर नाही, भागीदार आहे, असे करारात लिहिलेले असते.

बाबा झोपाळ्यावरून खाली उतरले. "हा तर बदली," ते म्हणाले.

आणि त्यांनी नातीला बदली कामगार म्हणजे काय ते सांगितले. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या जागी घ्यावयाचा तो बदली. रोज पाळीच्या आधी फाटकावर जायचे, पास दाखवायचा आणि उभे राहायचे. भोंगा झाला, नाव पुकारले नाही, तर खानावळीत परत. महिन्यात दहा दिवस काम मिळे, कधी पंधरा. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशीही फाटकावर हजेरी लावावी लागे, नाहीतर पास जाई. गावाकडे मात्र सांगायचे की, मुलगा गिरणीत आहे. "पाच वर्षं मी दुसऱ्याच्या खाड्याची वाट बघितली," बाबा म्हणाले. "कुणी आजारी पडावा असं मनात यायचं. वाईट ते. पण यायचं."

1982 च्या 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप झाला, ज्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्याच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदलींना कायम करा ही मागणीही होती. हे मला ठाऊक होते. त्या मागणीच्या पोटात काय होते, ते त्या रात्री कळले.

भाचीने सांगितले की, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या ॲपवाल्या कामगाराचे नाव प्रथमच कायद्यात आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीतला एक ते दोन टक्के भाग या कामगारांच्या निधीत घालावा, असे तीत आहे. राजस्थानने तर 2023 सालीच स्वतःचा कायदा केला होता. बाबांनी मान हलविली. "नाव आलं ना कागदावर? मग येईल हळूहळू. आमचं यायलाही वेळ लागला."

बदली आला म्हणजे मुकादम येणारच. आज कुणाला काम द्यायचे, कुणाला नाही, कुणाचा अर्ज वर ठेवायचा, हे यंत्र ठरविते. त्याला ना तोंड, ना घर. भाचीने ॲमेझॉनचे उदाहरण दिले. त्या कंपनीने 2014 पासून अर्ज चाळणारे एक यंत्र घडविले. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकविले. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा यंत्राने धडा घेतला की, पुरुष बरा. अर्जात 'महिलांचा' बुद्धिबळ संघ असा शब्द दिसला की ते गुण कापू लागले. कंपनीने ते यंत्र मोडीत काढले. 2018 साली ही हकीकत वर्तमानपत्रांत आली. मला वाटले, निदान मुकादमाशी भांडता येत असे. पण बाबांनी मला तसे वाटू दिले नाही. मुकादम दस्तुरी घेई, आपल्या गावच्याला आधी लावी, आणि बायांना त्याचा त्रास किती होता ते बाया बोलत नसत. जुन्या काळाची आठवण गोड लागते ती जीभ बोथट झाल्यामुळे. खरी अडचण वेगळीच आहे. मुकादमावर चाप बसविण्यासाठी लेबर ऑफिसर नेमता आला. यंत्रावर कोण नेमायचा? कदाचित माझ्या भाचीसारख्या मुलींनाच ते काम करावे लागेल.

माणसाला क्रमांक देण्याच्या प्रश्नात मात्र मला माझे चार शब्द घालता आले. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी एक पद्धत गाजविली होती. दर वर्षी कर्मचाऱ्यांचे तीन भाग करायचे. वरचे वीस टक्के उत्तम, मधले सत्तर बरे, आणि खालचे दहा घरी. पुष्कळ कंपन्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने 2013 साली अशीच एक पद्धत टाकून दिली. मी विचारले, "पण सगळेच चांगले असले तर?" भाची म्हणाली, "तरी दहा टक्के काढायचेच." माझ्या वर्गात पंचवीस मुले आहेत. त्यांतली अडीच मुले दर वर्षी नापास करा, असे मला कुणी सांगितले, तर तो अर्धा मुलगा मी कुठून आणू? आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत गोपनीय अहवालाची चाल होती. शेरा साहेब लिहिणार आणि ज्याच्यावर लिहिला त्याला तो कळणार नाही. 2008 साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळविला पाहिजे. प्रगतिपुस्तक घरी पाठवावयाचे असते, हे साधे तत्त्व मान्य व्हायला एवढा काळ लागला!

असे दहा-बारा दिवस गेले. पण माझ्या लक्षात येत होते की, ही मुलगी सारे सांगते, आणि ज्या कंपनीत दोन महिने राहून आली तिथले काही सांगत नाही. एके रात्री पाऊस लागला, वीज गेली, आणि अंधारात तिने ते सांगितले.

त्या कंपनीने काही माणसे कमी करावयाचे ठरविले होते. त्याला तिथे 'कमी करणे' म्हणत नाहीत. 'योग्य आकार देणे' म्हणतात. हिला एका खोलीत बसविले होते. एकेक माणूस आत येई. समोर अधिकारी, बाजूच्या खुर्चीवर ही, टेबलावर पाकीट. काय बोलायचे त्याचा कागद तयार होता: दहा मिनिटांत संपवावे, वाद घालू नये, 'मला वाईट वाटते' असे म्हणू नये, शेवटी ओळखपत्र ठेवून घ्यावे. हिच्याकडे काम एवढेच की, पाण्याचा पेला भरून ठेवायचा. चौथ्या का पाचव्या खेपेला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. हिशेब विभागात होते. त्यांनी पाकीट उघडले नाही. पाणीही प्याले नाहीत. अधिकाऱ्याकडे न बघता त्यांनी हिलाच विचारले, "माझ्या फंडाचं कसं करायचं? आणि मंडळींचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तो विमा चालेल का?"

"मला माहीत नव्हतं, मावशी," ती म्हणाली. "साहेबांनाही माहीत नव्हतं. कागदावर ते नव्हतंच."

कितीतरी वेळ कुणी बोलले नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग बाबांनी विचारले, "बाय, तू शिकून होणार ती कुणाच्या बाजूची? मालकाच्या की कामगारांच्या?"

तिने पाठ केलेले उत्तर दिले. डेव्ह उलरिक या प्राध्यापकाने 1997 साली आपल्या पुस्तकात लिहिले आहे की, या अधिकाऱ्याने चार भूमिका करावयाच्या असतात. धंद्याच्या धोरणातला भागीदार, बदल घडविणारा, कारभार नीट चालविणारा, आणि कर्मचाऱ्यांचा कैवारी.

"चार टोप्या," बाबा म्हणाले. "डोकं एकच."

"मग तुमच्या गिरणीतला लेबर ऑफिसर कुणाच्या बाजूचा होता, आजोबा?" तिने जरा चिडूनच विचारले.

तेव्हा बाबांनी जे सांगितले ते मीसुद्धा पूर्वी कधी ऐकले नव्हते. संप मोडल्यासारखा झाला, गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली, आणि 1983 साली ते पुन्हा फाटकावर गेले. दारावर घेतलेल्यांची यादी लावलेली होती. त्यांचे नाव तीत नव्हते. 'पुढची यादी लागेल' असे फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांना सांगत होता. तेवढ्यात लेबर ऑफिसर बाहेर आला. त्यानेच कधी काळी बाबांच्या बदलीच्या पासावर सही केली होती. उन्हात उभा राहून तो एकेकाशी बोलला. बाबांना म्हणाला, "तुझं नाव नाही. पुढच्या यादीतही यायचं नाही. मला ठाऊक आहे. इथं आशेवर राहू नकोस. पोरं लहान आहेत, गावी जा. फंडाचे कागद मी भरून ठेवलेत, तेवढी सही कर." बाबांनी तिथेच सही केली आणि त्या आठवड्यात आम्हांला घेऊन गाव गाठले. त्यांच्या खोलीतले दोघे जण पुढची यादी लागेल म्हणून तीन वर्षे फाटकाकडे चकरा मारीत होते. ती यादी लागली नाही.

"म्हणजे तो तुमच्या बाजूचा होता," भाची म्हणाली.

बाबा विचारात पडले. "नाही गं. पगार त्याला मालक देत होता. तो मालकाच्याच बाजूचा." मग जरा थांबून म्हणाले, "पण कागद भरून ठेवले होते त्यानं."

दुसऱ्या दिवशी भाचीने निबंधाचा विषय बदलला. आधी ती कृत्रिम बुद्धिमत्तेवर लिहिणार होती. आता तिने विषय घेतला तो असा की, माणसाला कामावरून काढतात त्या दिवशी त्याला काय काय सांगितले जाते आणि काय सांगितले पाहिजे. आठवडाभर ती कायदे उलटीत होती. काढलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे, हे 2019 च्या वेतन संहितेत आहे. पाच वर्षे नोकरी झाली असेल तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, आणि तो तीस दिवसांत द्यावयाचा असतो. ठराविक मुदतीच्या नोकराला तर एका वर्षावरही ती मिळते. फंडाचा अर्ज कुठे करावयाचा, विमा कोणत्या तारखेपर्यंत चालतो, अनुभवाचा दाखला कुणाकडे मागावयाचा, हे सारे तिने एका कागदावर, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिले. अक्षर मी तपासले, मजकूर बाबांनी. 'सदरहू कर्मचाऱ्यास' असे एके ठिकाणी होते, ते त्यांनी 'तुम्हांला' असे करावयास लावले. प्राध्यापकांनी विषय पाहून 'फारच लहान' असा शेरा दिल्याचे तिने मुंबईहून कळविले. तिने विषय बदललेला नाही.

मला तिच्या परीक्षेच्या निकालाची फारशी चिंता नाही. मी विचार करते तो वेगळ्याच गोष्टीचा. मालक आणि कामगार यांच्यामधल्या त्या खुर्चीवर बसणारा माणूस कुणाच्या बाजूचा, हे त्याचा पगार कोण देतो यावर बहुधा ठरलेलेच असते. आपण शिकविलेले शास्त्र त्यात फारसा फरक करू शकणार नाही. पण खुर्चीवर बसून खरे बोलावे की नाही, आणि समोरचा येण्याआधी त्याचे कागद भरून ठेवावेत की नाही, एवढे त्याच्या हातात उरते. ते लहान असेल. आमच्या घराला ते पुरले.

आणि ही खुर्ची आता फक्त कंपनीत राहिली आहे असे समजण्यात अर्थ नाही. दिवाळीत घरोघर मिठाईचे खोके, आकाशकंदील, मुलांचे कपडे पोहोचविणारे बदली आपल्या दारात येतील. त्यांच्या पाठीमागे आपल्या फोनवर पाच चांदण्या उमटतील आणि विचारतील, हा माणूस कसा वाटला? आपण फराळाचे ताट हातात धरून, टीव्हीकडे बघत, अंगठ्याने एक चांदणी दाबून मोकळे होऊ. साहेबाच्या शेऱ्यासारखाच तो शेरा असतो. त्यावर त्या पोराचे उद्याचे काम अवलंबून असू शकते. ती चांदणी दाबण्यापूर्वी क्षणभर त्याच्याकडे पाहावे, जिना चढून आला असेल तर पाणी विचारावे, आणि उशीर झाला असेल तर रस्त्यात किती गर्दी होती तेही विचारावे. बाबा तर त्याला ओटीवर बसवून, "आज किती खेपा झाल्या?" असे विचारतात. मग ती पोरे दोन मिनिटे बसतात, आणि बोलतात.